९९९ सांगून ९२५ ची चांदी दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पिद्योन हाबेनसाठी मागवलेली पाच नाणी कमी शुद्धतेची निघाल्याबाबत

महोदय,

मी ठाण्यात राहणारा बेने इस्राएल, म्हणजे इथला मराठी ज्यू. आमच्यात आईचा पहिला मुलगा असेल, तर जन्मानंतर एकतिसाव्या दिवशी बाप त्याला पाच शेकेल (जुनं वजन) चांदी देऊन कोहेनकडून, म्हणजे पुरोहित वंशातल्या माणसाकडून, सोडवून घेतो. हाच पिद्योन हाबेन. आमच्या हझाननी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) सांगितलेलं माप होतं किमान ९६ ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणून तुमच्याकडून २० ग्रॅमची, '९९९ शुद्ध' लिहिलेली पाच नाणी मागवली.

नाणी हातात पडली ती विधीच्या आदल्या संध्याकाळी. डबीवर ९९९, नाण्याच्या कडेला मात्र बारीक ९२५. आमच्या सराफानंही तपासून तेच सांगितलं. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साडेब्याण्णव ग्रॅम चांदी. साडेतीन ग्रॅम कमी म्हणजे मुलाची सुटकाच अपुरी.

फोनवर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, गिफ्टच द्यायचंय ना, कोण बघतंय? फरकाचं व्हाउचर देतो." ही भेट नव्हे, तोरातली, आमच्या धर्मग्रंथातली आज्ञा आहे. तिथे चेकसुद्धा चालत नाही, मग व्हाउचर कुठलं? चांदी किंवा तेवढ्या मोलाची वस्तू प्रत्यक्ष कोहेनच्या हाती द्यावी लागते. बेने इस्राएलांत परंपरेनं कोहेन नाहीत, म्हणून मुंबईहून एका बगदादी ज्यू कुटुंबातल्या वयस्क कोहेनना बोलावलं होतं. त्यांना परत पाठवणं शक्य नव्हतं.

शेवटी आईनं किद्दूशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचा, चांदीचा पेला काढून दिला. माझे वडील दर शुक्रवारी त्यातच काळ्या मनुकांचं शरबत घेऊन किद्दूश म्हणायचे. कोहेननी विचारलं, "मुलगा हवा की पाच शेकेल?" मी "मुलगा" म्हणालो आणि नाण्यांसोबत पेलाही त्यांच्या हाती ठेवला. तो आता त्यांचा आहे. दिलेलं परत मागणार नाही.

मला नाण्यांची पूर्ण रक्कम परत हवी आणि चूक मान्य करणारं लेखी पत्र हवं. वेबसाइटवरचा ९९९ चा दावा आजच काढा आणि ही नाणी ज्यांनी ज्यांनी घेतली त्या सगळ्यांना कळवा. एखाद्या बापानं कड न बघताच ती कोहेनच्या हाती ठेवली असतील. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, ठाणे

सोबत: बिल, नाण्यांचे फोटो, सराफाची तपासणी पावती