लिश्टनस्टाइनचे कारखाने आणि आपले अप-डाऊन

महोदय,

युरोपातल्या चिमुकल्या श्रीमंत देशांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा कमी कर आणि गुप्त बँक खाती यांवरच येऊन थांबते. लिश्टनस्टाइनच्या बाबतीत ते अगदीच खोटे नाही. जर्मनीतील करबुडव्यांनी तेथे दडवलेला पैसा २००८ साली उघडकीस आला आणि त्यानंतर त्या देशाला आपले नियम बदलावे लागले. मात्र त्याच्या एकूण उत्पन्नात सुमारे दोन पंचमांश वाटा कारखानदारीचा आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. तीस वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवल्यामुळे मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ४० हजार, म्हणजे साधारण आपल्या पारोळ्याएवढी. भिंतीला भोक पाडणारे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडचे कारागीर त्याला ‘हिल्टी’ म्हणतात. ती हिल्टी कंपनी दोन भावांनी १९४१ साली याच देशातल्या शान गावात सुरू केली आणि जेमतेम सहा हजार वस्तीच्या त्या गावात तिचे मुख्यालय आजही आहे. कृत्रिम दातांचे साहित्य जगभर पाठवणारी कंपनीही त्याच गावातली. हा देश पूर्वीपासून श्रीमंत होता असेही नाही. एकोणिसाव्या शतकात तिथली लोकं पोटासाठी अमेरिकेला गेली, गरीब घरची मुले दर उन्हाळ्यात जर्मनीतल्या शेतांवर राबायला जात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले डोळ्यांसमोर यावीत, असेच ते चित्र होते. १९२७ मध्ये ऱ्हाइन नदीचा बांध फुटून खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुढच्या दशकात पाण्याचा निचरा करणारा लांब कालवा खोदण्यात आला आणि त्या कामावर बेरोजगारांच्या हाताला रोजगार मिळाला.

सोयींच्या बाबतीत मात्र हा देश आपल्या कल्पनेत बसत नाही. त्याला विमानतळ नाही. देशातून जाणारा सुमारे नऊ किलोमीटरचा लोहमार्ग शेजारच्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या मालकीचा आहे, चलन १९२० च्या दशकापासून स्वित्झर्लंडचे आहे, आणि कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या मुलांचे वर्गही सीमेपलीकडच्या स्विस व्यवसाय शाळांत भरतात. तरीही देशात नोकऱ्या जवळजवळ लोकसंख्येइतक्याच आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक कामगार रोज सकाळी शेजारच्या देशांतून येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात. बस वेळापत्रकानुसार धावतात आणि सीमेपलीकडच्या रेल्वे स्थानकांपर्यंत जातात. तिथे सारे सुरळीतच आहे असे मी म्हणत नाही. रेल्वे विस्ताराच्या खर्चाला २०२० च्या सार्वमतात लोकांनी नकार दिला, आणि कामाच्या वेळेला रस्ते मोटारींनी भरून जातात.

खान्देशात आपण मोठ्या गोष्टींची मागणी सतत करतो, आणि मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मिळालेली मंजुरी धुळ्यासाठी फार मोलाची आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक मुले आज चाकण आणि नाशिकला आहेत. त्यांतील कितीतरी जणांना जळगाव किंवा भुसावळला त्याहून कमी पगारावर काम करणे मान्य होते. अडचण होती ती दुसऱ्या पाळीनंतर घरी परतण्याची. रात्री अकरानंतर पाचोऱ्याकडे किंवा जामनेरकडे जायला काही मिळेल याची खात्री नसेल, तर मुलगा तिथेच खोली घेतो, खोलीचे भाडे भरताना हिशोब मांडतो आणि शेवटी पुण्याची गाडी धरतो. एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले होते, “सर, पोरगा घरी जेवायला असता तर आठ हजार कमी चालले असते.”

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. मनमाड-जळगाव तिसऱ्या मार्गिकेमुळे जी जास्तीची क्षमता मिळेल, तिच्यातून चाळीसगाव ते भुसावळ अशा स्थानिक गाड्या पाळ्यांच्या वेळा पाहून सोडाव्यात, जामनेर आणि पारोळ्याच्या एसटी फेऱ्या त्या गाड्यांना जोडाव्यात, आणि हे वेळापत्रक ठरवताना औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांना व कामगारांना एकत्र बोलवावे. आपल्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पाआधी एवढी एक बैठक घ्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, पाचोरा (जि. जळगाव)