खरवड टाकू नकोस

नागपूर, डिसेंबर

प्रिय बेटा,

काल रात्री साडेनऊला तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आज पण ब्रेड-बटरच खाल्लं." तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. चिकन तुला इतकं आवडतं, पण आपल्या घरी चिकन म्हणजे रविवारचं सावजी. मसाले भाजा, वाटा, तेल सुटेपर्यंत परता, दहाला लागलं की जेवायला दोन वाजतात. ऑफिसातून थकून आल्यावर ते कोण करणार? म्हणून पंचवीस मिनिटांत होणारं लिहून पाठवतो. आईची नाइट ड्युटी असायची तेव्हा मी हेच करायचो.

बोनलेस ब्रेस्टचे दोन तुकडे आण, साधारण ४०० ग्रॅम. जाड असतात, म्हणून प्रत्येक आडवा चिरून दोन पातळ काप कर. नळाखाली धुऊ नकोस, कच्च्या चिकनचे शिंतोडे ओट्यावर नि भांड्यांवर उडतात. पेपर नॅपकिनने दाबून टिप, अगदी कोरडं होईपर्यंत. मग मीठ आणि भरडलेली मिरी.

कोरडं करायचं सोडू नकोस. पहिल्यांदा मी ओलंच टाकलं होतं. पाणी सुटलं, चिकन त्यातच उकळलं, पांढरंफटक आणि रबरासारखं झालं. पाणी आहे तोवर ताप १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खरपूस रंग यायला १४०च्या आसपास लागतो. तू सातवीत होतीस. एक शब्द न बोलता ताट संपवलंस, ते मी विसरलेलो नाही.

जाड बुडाचा स्टीलचा पॅन घे. नॉनस्टिकला खरवड धरत नाही, आणि बिडाच्या तव्यात आंबट रस फार वेळ राहिला की लोखंडाची चव उतरते. पॅन चांगला तापला की दोन चमचे तेल, त्यावर काप. आता चार मिनिटं हात लावायचा नाही. उचलायला गेलीस आणि चिकटलं, तर अजून वेळ आहे असं समज. खालून रंग धरला की ते आपणच सुटतं. उलटून तीन-चार मिनिटं. सगळ्यात जाड जागी चिरून बघ, गुलाबी दिसायला नको. थर्मामीटर घेतलास तर आत ७४ अंश हवेत. काढून ताटलीत ठेव.

आता खरं काम. पॅनच्या बुडाला तपकिरी काही चिकटलेलं दिसेल. ते घासून टाकायचं नाही, बेटा. ती खरवड आहे. आजी बासुंदीचं पातेलं उतरवायची आणि तू चमचा घेऊन आत डोकं घालून बसायचीस, आठवतं? सगळी चव तिथेच असते. (काळी पडली असेल तर मात्र पुसून टाक, सॉस कडू होतो.) आच मंद कर, एक छोटा कांदा आणि चार लसूण पाकळ्या बारीक चिरून परत. मग अर्धी वाटी पाणी ओत. चर्र आवाज होईल, वाफ येईल, घाबरू नकोस. लाकडी उलथण्याने बूड खरवडत राहा, पाण्याला तांबूस रंग चढतो. निम्मं आटू दे.

मग एका संत्र्याचा रस. हातानेच पिळ, मिक्सरमध्ये नको, बिया भरडल्या की रस कडवट होतो. एकच उकळी आली की गॅस बंद, आणि फ्रिजमधला गार बटरचा तुकडा टाकून पॅन गोल-गोल फिरव. सॉस दाटसर होतो, चकाकतो. गॅस चालू ठेवलास तर बटर फाटून तेल वेगळं होतं. ताटलीत चिकनचा रस साठला असेल तोही ओत. हा सॉस चिकनवर घाल, वरून कोथिंबीर. भातासोबत खा, पोळीसोबत खा, त्या ब्रेडसोबतही चालेल.

आंबिया बहाराची संत्री सध्या छान आहेत. आज गोकुळपेठेच्या बाजारातून दोन डझन आणली, त्यातली एक डझन शुक्रवारच्या गाडीने पाठवतोय. वरची थोडी मऊ आहेत, ती आधी वापर. लाकडी उलथणं खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे. आजीचंच आहे ते.

केलंस की फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझे बाबा