तक्ता बघून फोन घेऊ नको, बापू

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बापू,

तुझा स्क्रीनशॉट मिळाला. दोन फोन शेजारी शेजारी, मोठा आकडा असेल तिथं हिरवी टिक, आणि खाली तुझं वाक्य, "यातला कुठला घेऊ, एका शब्दात सांग." मर्दा, मला फोनबद्दल विचारतोस आणि उत्तर एका शब्दात मागतोस? व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून पत्रच लिहायला घेतलंय. मेढ्यात पाऊस असंल, शाळेलाही सुट्टी असंल, तर निवांत वाच.

आधी त्या तक्त्याचं बघू. मला स्वतःला तक्ते लई आवडतात हे तुला माहितीये, बायको म्हणते जेवणाच्या ताटाशेजारीपण ह्यांचं कंपेअर चालू असतंय. पण तक्त्यात फक्त मोजता येतं तेच बसतं, आणि तू तक्ता बघूनच घेणार हे कंपनीला तुझ्याआधी ठाऊक असतं. त्यामुळं फोन हल्ली तक्त्यासाठीच बनतात. तुझ्या पहिल्या फोनला मागं तीन कॅमेरे आहेत म्हणून तू टिक केलीयस, पण बारकाईनं वाच, ५० मेगापिक्सेल अधिक २ अधिक २. ती दोन-दोनवाली बारकी भिंगं निव्वळ मोजणीला उभी केलेली आहेत. एक मॅक्रो म्हणतात, अगदी जवळचं टिपायला, एक डेप्थ म्हणतात, मागचं धूसर करायला, दोन्हीचा फोटो बघितलास तर २०१० सालची आठवण येईल.

आणि दुसऱ्या फोनला २०० मेगापिक्सेल. आता हे नीट समजून घे, कारण लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात. सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चिपवर, २० कोटी बारके ठिपके असतात हे खरं, पण ते इतके बारके की एकेका ठिपक्यावर उजेड पुरेसा पडत नाही, म्हणून फोन सोळा ठिपके मिळून एक धरतो आणि तुझ्या हातात येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. १०८ वाल्यात नऊचा एक होतो, म्हणजे १२. पन्नासवाल्यात चारचा एक, पुन्हा साडेबारा. म्हणजे दोनशे, एकशेआठ, पन्नास सगळे फिरून बाराच्याच आसपास येतात. मग फरक कशात पडतो? सेन्सर किती मोठा, भिंग कसलंय, ओआयएस आहे का, आणि फोनच्या आतलं सॉफ्टवेअर रंगांशी किती खेळतं, ह्यात. यातलं ओआयएस सोडलं तर बाकीचं तुझ्या तक्त्यात कुठं आहे सांग बघू. ओआयएस म्हणजे हात हलला तरी आतलं भिंग सावरून घेतं, संध्याकाळच्या फोटोत त्याचा फरक लगेच दिसतो. ईआयएस लिहिलेलं असलं तर ते वेगळं, ते व्हिडिओची कड कापून हलणं लपवतं.

तू फोटो कसले काढतोस? लग्नाचे नाहीस काढत. तू पाऊस ओसरला की कासच्या पठारावर जातोस आणि गुडघ्यावर बसून सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, कंदीलपुष्प असलं टिपत बसतोस. मग तुझा कॅमेऱ्याचा प्रश्न एकच, जवळून फोकस होतोय का? आसवांचं फूल ते केवढं, नखाएवढंसुद्धा नाही. २ मेगापिक्सेलच्या मॅक्रोनं तिथं निळा डाग दिसेल फक्त. तुला पाहिजे अल्ट्रावाइडला, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगाला, ऑटोफोकस असलेला फोन, कारण तसा असला की तेच भिंग फुलाच्या दोन-तीन सेंटीमीटर जवळ जाऊन मॅक्रोचं काम करतं, आणि चांगलं करतं. नाहीतर टेलिफोटो, म्हणजे लांबचं ओढून आणणारं भिंग, असं की जे जवळचंही धरतं, मग वाकायलापण नको आणि फुलावर आपली सावलीपण पडत नाही. अल्ट्रावाइड ८ मेगापिक्सेल असं लिहून पुढं फिक्स्ड फोकस, म्हणजे फोकस न हलणारा, असंल तर तो कासवर नुसता डोंगर काढायला.

रंगाचं एक सांगतो, हे आमच्या सांगलीतलं आहे. इथं मार्केट यार्डात माझ्या ओळखीचा एक बेदाण्याचा व्यापारी आहे, त्याला मीच फोन निवडून दिला. बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो, हिरवा, पिवळा, काळा, आणि हिरव्यातही दहा छटा. हा गडी सौद्याआधी बाहेरगावच्या पार्टीला व्हॉट्सॲपवर सॅम्पलचा फोटो टाकतो. त्याच्या आधीच्या फोनचा कॅमेरा हिरव्याला असा काही चढवायचा की पार्टी खूश होऊन माल मागवायची आणि पोतं फोडल्यावर भांडायची. फोटो भारी होता, फक्त खोटा होता. दुकानात डेमो पीसवर आपल्याला जो फोटो "वा" वाटतो तो बऱ्याचदा असला चढवलेलाच असतो. त्याला मी कमी भडक रंगाचा फोन दिला, फोटो जरा फिका येतो, पण भांडणं थांबली. तुझ्या फुलांचंपण तेच, जांभळा रंग कॅमेऱ्याला अवघड जातो, कधी निळा करून टाकतो. तर दुकानात जांभळ्या कापडाचा फोटो काढून शेजारी कापड धरून बघ, दुकानदार हसला तर हसू दे.

आता बॅटरी. तू ६००० एमएएच बघून फोनभोवती गोल केलायस. पण तुझी बॅटरी खातंय कोण? मेढ्याच्या घरात सिग्नल एका काडीवर असतो असं तूच सांगतोस, आणि सिग्नल कमी असला की फोन टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो, दिवसभर खिशात नुसता पडून असला तरी बॅटरी उतरते. मोठी बॅटरी घेऊन ते दुखणं जात नाही, नुसतं दोन तास पुढं ढकललं जातं. तुझ्याकडं ब्रॉडबँड आलंय ना, मग वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरनं कॉल, चालणारा फोन बघ आणि ते आपल्या सिमवर खरंच सुरू होतं का ते विचार. ५जी बँडची, म्हणजे फोन कुठल्या लहरी पकडतो त्यांची, यादी पण बघ, कारण जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीचा आधार न घेता चालणाऱ्या, पद्धतीचं आहे आणि घराच्या आत पोचणारा त्यांचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड म्हणजे एन२८. तो फोनमध्ये नसला तर बॉक्सवर ५जी लिहून काय उपयोग. बँड किती आहेत हे लोक मोजतात, कुठले आहेत हे बघत नाहीत.

बॅटरी महत्त्वाची नाही असं नाही हां. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत लाइट गेली तेव्हा सगळ्यांचे भारीभारी फोन दुसऱ्या दिवशी मेले आणि शेजारच्या आजोबांचा बटणांचा नोकिया चालू होता, सगळी गल्ली त्याच्यावरनं फोन लावत होती. पण तसा प्रसंग रोज येत नाही, आणि त्याला पॉवर बँक बरी.

चार्जिंगचे ८० वॉट वगैरे आकडे पण तसेच. तो वेग सुरुवातीला थोडा वेळ मिळतो, बॅटरी भरत आली की आपोआप मंदावतो, मंदावलाच पाहिजे नाहीतर गरम होऊन बॅटरीचं आयुष्य जाईल. शिवाय बऱ्याच कंपन्यांचा तो वेग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर येतो, दुसरा जोडला की साधं चार्जिंग. यूएसबी पीडी आणि पीपीएस, म्हणजे सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या चार्जिंगच्या पद्धती, यांवर बऱ्यापैकी चालणारा फोन असला की घरात एकच चार्जर सगळ्यांना पुरतो. हे मला ८० वॉटपेक्षा मोठं वाटतं.

प्रोसेसरच्या नावांचा तर इस्कोट करून ठेवलाय. स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ आणि ७एस जेन २, वाचून वाटेल सख्खे भाऊ, दोन्ही २०२३ चे, पण पहिला फ्लॅगशिपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या फोनच्या, जवळ जाणारा आणि नंतर आलेला एसवाला त्याच्या कितीतरी खाली. मीडियाटेकनं डायमेन्सिटी १०८० लाच पुढं ७०५० नाव दिलं. म्हणजे आकडा हजारांनी वाढला, आत तेच. बेंचमार्कवर, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपच्या गुणांवर, तर अजिबात जाऊ नको, २०१३ सालीच सॅमसंगचा एस४ बेंचमार्क ॲप ओळखून तेवढ्यापुरता जास्त जोरात पळतो हे उघडकीला आलं होतं, आणि पुढं बाकीचेही सापडले. तू काय गेम खेळत नाहीस, तुला पाहिजे व्हॉट्सॲप, शाळेचे ऑनलाइन फॉर्म, युपीआय आणि फोटो. त्यासाठी प्रोसेसरपेक्षा स्टोरेज कसलंय ते जास्त नडतं. यूएफएस ३.१ ही वेगवान जात असली तर तीन वर्षांनीसुद्धा गॅलरी झटकन उघडते, ईएमएमसी ही जुनी, संथ जात असंल तर दुकानातनं बाहेर ये. आणि ८ अधिक ८ जीबी रॅम म्हणजे १६ नाही रे, दुसरे आठ स्टोरेजमधनं उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमच्या मानानं लई संथ.

ब्राइटनेस ४५०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) वाचून तू उद्गारचिन्ह टाकलंयस. तो आकडा स्क्रीनच्या बारक्याशा तुकड्यावर, एचडीआर व्हिडिओत, काही क्षण. कासच्या उन्हात तुला जो लागतो तो हाय ब्राइटनेस मोडचा आकडा, बारीक अक्षरात शोध, नसला तर फोन दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघ. पाण्यापासनं बचावाचं रेटिंग बघ, आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते, पण ही टेस्ट नव्या फोनवर साध्या स्थिर पाण्यात होते, आणि पाणी शिरलं तर वॉरंटीत बसत नाही. तुझ्याकडच्या पावसाला हे असलेलं बरंच, पण म्हणून ओढ्यात धरून व्हिडिओ काढू नको.

आता माझं खरं मत, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. पंचवीस हजारात या वर्षीचा मधल्या सिरीजचा नवा फोन घेण्यापेक्षा गेल्या वर्षीचा वरच्या सिरीजचा फोन उतरलेल्या किमतीत घ्यावा. कॅमेरा खरा असतो, स्टोरेज वेगवान असतं, ओआयएस असतो, बॉडी चांगली असते, आणि त्याचे दोष वर्षभरात लोकांनी बोंबलून सांगितलेले असतात. नव्या फोनचे व्हिडिओ येतात ते आठवडाभर वापरून, तेवढ्यात बॅटरी फुगत नाही, स्क्रीनवर हिरवी रेघ येत नाही, अपडेटनंतर कॅमेरा बिघडत नाही. मी तर आता रिव्ह्यू बघतच नाही, "सहा महिन्यांनंतर", "एक वर्षानंतर" असलेच व्हिडिओ बघतो, त्यात थोडी तरी चिडचिड असते.

फक्त एक हिशोब चुकवू नको. अपडेटची वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासनं मोजतात, तू घेतलास त्या दिवसापासनं नाही. गूगलनं पिक्सेल ८ पासनं, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासनं, सात वर्षं दिली, सॅमसंगनं जानेवारी २०२४ च्या एस२४ ला तेवढीच. असल्या फोनचं एक-दीड वर्ष गेलं तरी बिघडत नाही. पण ज्याला मुळात दोनच अँड्रॉइड अपडेट आहेत तो वर्षभर जुना घेतलास तर अर्ध संपलेलंच विकत घेतलंस. तुझ्या दुसऱ्या फोनचं असंच आहे, मी बघितलं.

मेहुण्याचा जुना आयफोन घ्यायचा विचार असंल तर बॅटरी हेल्थ बघ, आणि तो १५ च्या आधीचा असंल तर चार्जिंगची पिन वेगळी, टाइप सी नाही, घरात अजून एक केबल आली. मेहुणा आहे म्हणून बिल मागायला लाजू नको. बाहेरचा सेकंडहँड घेतलास तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढ आणि सरकारच्या संचार साथी साइटवर तपास, चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असला तर तिथंच कळतं. क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यातपण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी बँक बहुतेकदा लावते, तेवढं धरून चाल.

अजून एक, दुरुस्ती. साताऱ्यात पोवई नाक्याकडं चौकशी करून ये की या मॉडेलचा डिस्प्ले कॉम्बो, म्हणजे काच आणि स्क्रीन एकत्र, मिळतो का आणि कितीला. काही फोनचा डिस्प्ले फोनच्या निम्म्या किमतीला पडतो आणि आठ-पंधरा दिवस पुण्याहून यायची वाट बघायला लागते. हे विचारल्यावर दुकानदार ज्या फोनचं नाव घेऊन कपाळाला हात लावंल तो यादीतनं काढ.

तेव्हा तुझ्या स्क्रीनशॉटमधले दोन्ही नकोत. मी तीन नावं वेगळी पाठवतो, तिन्ही गेल्या वर्षीची, तिन्हीत अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आहे. यातलं हातात धरून कुठलं बरं वाटतं ते तुझं तू ठरव, तुझा अंगठा आखूड आहे, मोठा फोन तुला एका हातात झेपत नाही. पुढच्या शनिवारी इकडं येतोयसच तर दुपारी ये, ऊन असताना मारुती रोडच्या दुकानात जाऊ, जांभळी ओढणी वहिनींकडनं मागून आण. आणि तोपर्यंत सेलच्या घड्याळाकडं बघून काही बुक करू नको, ते घड्याळ संपलं की परत चालू होतंय.

तुझाच,
सांगलीकर