गायरान पडीक नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतीला दिवसा वीज मिळू लागल्याच्या बातम्या वाचून आनंदच होतो. रात्रपाळीची लाइट मी वीस वर्षे अंगावर काढली आहे. भर थंडीत साडेबाराला विहिरीवर जायचे, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, बिबट्याच्या धास्तीने मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायची. आणि कांद्याला दारे धरायला वाफ्यात उतरलो की तासाभरात लाइट गुल. तेव्हा मला सौरऊर्जेच्या विरोधकांत बसवू नये. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आमच्याच तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला, याचा अभिमानच आहे.

तक्रार आहे ती जागेची.

एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. योजनेत खासगी जमीन भाड्याने घ्यायची सोय आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. आमच्याकडच्या मुरमाड माळाला एवढे पैसे कोणते पीक देते? द्यायला तयार असलेले शेतकरी आहेत. पण दहा खातेदार गाठा, त्यांच्या सातबाऱ्यांवरची वारसांची भांडणे निस्तरा, त्यापेक्षा गायरान सोपे. मालक सरकार, सही एक.

आमच्या गावचे गायरान सौर प्रकल्पासाठी पाहायला मंडळी आली ती मार्चमध्ये. तरवडाची चार झुडपे, बाकी करपलेले कुसळ. एकही मेंढरू दिसले नाही, म्हणून शेरा पडला, ‘वापरात नाही’. दिसणार कसे? आमचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ते परततात तेव्हा शिवारात बाजरी, मूग, कांद्याची रोपे उभी असतात. बांधावर मेंढरू गेले तरी भांडण होते. त्या चार महिन्यांत कळपाला पाय ठेवायला जागा एकच, गायरान. ज्याला पडीक म्हणतात ते खरे तर पावसाळ्याचे पीक आहे; फक्त ते सातबाऱ्यावर लिहीत नाहीत.

ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून तीन वर्षे पाच-पाच लाख मिळतात. त्यातून पेव्हर ब्लॉक बसतील, मेंढरे काय खातील?

हवामान परिषदांमध्ये आपण काय मांडतो? 1992 च्या रिओ परिषदेपासून आपला मुद्दा एकच आहे: ज्याने धूर जास्त केला, त्याने भार आधी उचलावा. कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या. ग्लासगोत 2021 साली आपण निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070 ची मुदत घेतली ती याच हिशेबाने. बाकूत 2024 मध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मदतीसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला, तेव्हा तो अपुरा म्हणून आपण भर सभेत हरकत घेतली. रास्तच होती. मग हाच हिशेब गावाच्या वेशीशी आला की का उलटतो? ज्याच्या पालात पंखाही नाही, त्याचीच जमीन सगळ्यात आधी जाते. आणि त्यावरची वीज माझ्या साडेसात एचपीच्या मोटारीला येते, तीही फुकट. मला याची लाज वाटते, म्हणून हे पत्र.

घाई असल्याचेही कुठे दिसत नाही. वीजनिर्मितीची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून, करण्याचे 2030 चे उद्दिष्ट देशाने 2025 मध्येच गाठले. तेव्हा भाड्याच्या जमिनी गोळा करायला सहा महिने जास्त लागले तर आभाळ कोसळणार नाही. गायरान घ्यायचेच असेल तर पॅनेल मेंढरू खालून चरेल एवढे उंच बसवावेत आणि कुंपणाला फाटक ठेवावे. ग्रामसभा धनगर गावात असतील तेव्हा बोलवावी. आणि ती पाहणी पुन्हा एकदा, श्रावणात करावी.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर