आठ दिवसांत काय शिकवणार तू?

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला, आठ दिवस सुट्टी टाकून येतो आणि इथल्या डॉक्टरांना फेको, म्हणजे मशीनने मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन, शिकवतो म्हणतोस. बरं वाटलं रे, पण आधी भांडण. आठ दिवस तू धडाधड ऑपरेशनं करशील, फोटो होतील, तू विमानात बसशील आणि नवव्या दिवशी त्या डॉक्टरकडे ना फेकोचं मशीन ना त्याचा खर्च झेपणारा पेशंट, मग शिकलेलं ठेवायचं कुठे?

शिकवायचंच तर एसआयसीएस शिकव, हाताने छोट्या छेदातून मोतीबिंदू काढायची पद्धत. मशीन नको, टाके नकोत, छेदच असा तिरका बोगद्यासारखा घ्यायचा की आपोआप मिटतो. नेपाळच्या डॉ. सांदुक रुईतांनी याच वाटेने किती लोकांना तयार केलं तुला माहितीये. आणि पहिला हात पेशंटच्या डोळ्यावर नको, नकली डोळ्यावर! परवा एक पोरगा बोगदा करत होता, ब्लेड जरा खोल गेलं की थेट आत, सात डोळे वाया घालवले त्याने, आठव्याला श्वास रोखून बसला तेव्हा म्हटलं बाबा श्वास घे, मनगट टेकव आधी. केनिया, टांझानिया, युगांडा, झिंबाब्वेच्या ट्रेनी डॉक्टरांवरचा अभ्यास 2021 मध्ये आलाय, सिम्युलेशनवर घासून सराव केलेल्यांचं काम सरळसरळ सरस निघालं. मला नवल नाही वाटलं.

पण खरं सांगू, सर्जनवर आपण उगाच अडून बसतो. आफ्रिकेतल्या काही देशांत दहा लाख लोकांमागे एक नेत्रतज्ज्ञ नाही, आणि जो आहे तोच चष्म्याचे नंबर काढत बसला तर मोतीबिंदू कोण काढणार? मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये 11 खाटांवर अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं (संधिवाताने बोटं वाकडी झालेला सर्जन, विचार कर), आणि पुढे तिथे खेड्यातल्या मुली घेऊन त्यांना दोन वर्षं ट्रेनिंग द्यायला लागले, तपासणी, नंबर, ऑपरेशनची तयारी सगळं त्या बघतात, डॉक्टर फक्त डॉक्टरचं काम करतो. माझ्या बॅचला एक मुलगी आहे, नंबर काढायच्या रेटिनोस्कोपची उजेडाची पट्टी हलवली आणि बाहुलीतली लाल चमक उलटी सरकली की पटकन मायनसची काच लावते, मी अजून विचारच करत असतो. अशा दहा जणी दे, तुझा एक सर्जन नको मला.

आणि मशीन दुरुस्त करणारा! त्याला कोणी शिकवतच नाही. एका ठिकाणी देणगीत आलेला मायक्रोस्कोप कापड झाकून ठेवलेला, का तर बल्ब उडाला आणि तो बदलायचा कसा ते कोणाला दाखवलंच नव्हतं. मी अक्षरशः डोकं धरून बसलो.

तर ये, पण आठ दिवस नको, महिनाभर ये, आणि पुढचं वर्षभर त्याच दोन पोरांचे ऑपरेशनचे व्हिडिओ बघून फोनवर चुका सांगत राहशील असं कबूल कर. मॉडेल नंबर पाठवतो, येताना बल्ब घेऊन ये.

तुझाच,
भांडखोर