राग माझा, आजाराचा नव्हे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर माझ्या बायपोलर आजाराचा विषय काढला की आई रडते आणि बाबा पावसापाण्याचं विचारू लागतात, म्हणून लिहिते आहे.

गणपतीत काका सगळ्यांदेखत म्हणाले, "हिचं आता कोण जमवणार?" मी चिडून पानावरून उठले. आई, तू मागोमाग आलीस आणि विचारलंस, "गोळी घेतलीस ना?" घेतली होती. तो राग काकांनी ओढवून घेतला होता. माझ्या जागी दादा चिडला असता तर त्याला कुणी गोळीचं विचारलं नसतं. पुढच्या वेळी आधी "काय झालं?" एवढं विचार. घरात सतत टीका किंवा पाळत असली की हा आजार उलटायची शक्यता वाढते, हे डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलंय.

बायपोलरच्या माणसाला भावना कळत नाहीत, हे आपल्याकडे धरूनच चालतात. सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. भावना ओळखणं, समजून घेणं, हाताळणं, हे त्यात येतं. आजार त्याला धक्का लावतो, खोटं कशाला सांगू? मॅनियात, म्हणजे मूड बेफाम चढलेला असताना, समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती, दुःख नीट वाचता येत नाही. तेव्हा आई, तू समोर रडत होतीस आणि माझ्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. डिप्रेशनमध्ये उलटं, बाबा नुसते पेपर वाचत बसले तरी माझ्यावर नाराज आहेत असं वाटायचं. पण मूड स्थिर असताना हा फरक बराच कमी होतो, काहींच्या बाबतीत जाणवतही नाही. मी रोज झोप आणि मूड वहीत लिहिते. आपण कशाने बिथरतो हे मला जितकं ठाऊक आहे, तितकं आपल्या घरात दुसऱ्या कुणाला स्वतःबद्दल ठाऊक नसेल. (बाबा, हसू नका.)

राग की मॅनिया, हे ओळखायचं तर माझी झोप बघा. काकांवरचा राग रात्रीपर्यंत उतरला आणि मी गाढ झोपले. मॅनिया असा रात्रीत जात नाही, आठवडा किंवा त्याहून जास्त टिकतो. मी तीन-चार तास झोपूनही ताजीतवानी उठू लागले, कुणाला मध्ये बोलू देईना, दारात ऑनलाइन खरेदीचे खोके येऊ लागले, तर माझ्याशी वाद घालू नका, थेट डॉक्टरांना फोन करा. त्यांच्यासमोरच मी तुम्हाला तसं सांगून ठेवलंय.

आणि काळजी करायचीच असेल तर कामाची करा. मी लिथियमवर आहे, मूड स्थिर ठेवायची ती गोळी. बाबांच्या बीपीमुळे आई अळणी करते. पण मी आले की माझं मीठ एकदम तोडू नकोस. मीठ अचानक कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते. कडक उपासात पाणी कमी पडलं तरी तेच, म्हणून एकादशीचा आग्रह नको. बाबा, माझं डोकं दुखलं की तुम्ही गुडघ्याची गोळी पुढे करता. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मला चालत नाही, पॅरासिटामॉल चालते. रक्त, थायरॉइड, किडनी सगळ्या तपासण्या वेळेवर करते आहे. या वेळचे रिपोर्ट दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेत. बाबांच्या शुगरचा रिपोर्ट मात्र तुम्ही अजून पाठवलेला नाही, तो पाठवा.

तुमची,
लेक