‘एवढ्याशा बर्फाने’ काय होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका प्रवाशाचे पत्र आले होते. टोरंटोहून निघताना ‘बर्फ धुण्याच्या नावाखाली’ विमान अडवून ठेवले, त्यामुळे पुढचे विमान चुकले, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांना झालेला मनस्ताप मी समजू शकतो. पण ‘एवढ्याशा बर्फाने काय होणार होते?’ हे त्यांचे वाक्य वाचून मला राहवले नाही. माझी सारी नोकरी मुंबई विमानतळावर विमानांच्या देखभालीत गेली, आणि मुलगी कॅनडात असल्याने तिथला हिवाळाही मी पाहिला आहे.

पंखावर बर्फाचा जाड थर असेल तरच धोका, असा बहुतेकांचा समज असतो. खरा घात खरखरीतपणा करतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूला पॉलिश पेपरइतका खरखरीत थर असला, तरी विमानाला वर उचलणारे बळ 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. काही वेळा हा बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पंखावरून हात फिरवावा तेव्हा कळतो. आपल्या मुंबईतसुद्धा लांबून आलेल्या विमानाच्या पंखाखाली, टाकीतले इंधन गोठणबिंदूखाली गेलेले असल्यामुळे, दमट हवेत पांढरे दव धरलेले मी बोटांनी खरवडून पाहिले आहे. घामाने शर्ट भिजलेला आणि बोटांना बर्फ!

कॅनडातल्याच ड्रायडनची हकिकत सांगतो. 10 मार्च 1989. थंडर बे इथून विनिपेगला निघालेले एअर ओंटारिओचे फोकर एफ-28 वाटेत ड्रायडनला थांबले. विमानात 69 माणसे होती. मुख्य इंजिने सुरू करून देणारे शेपटीकडचे लहान सहायक इंजिन, ज्याला आम्ही एपीयू म्हणतो, ते काही दिवसांपासून नादुरुस्त होते. ड्रायडनला इंजिन बाहेरून सुरू करून देण्याची सोय नव्हती. म्हणजे दोन्ही इंजिने बंद केली तर विमान तिथेच अडकणार. आणि इंजिन चालू असताना बर्फ धुवायला कंपनीची मनाई. इंजिन चालू ठेवूनच इंधन भरले. उशीर आधीच झालेला होता. त्यात एक छोटे विमान उतरायचे म्हणून आणखी थांबावे लागले, आणि बर्फ पडतच होता. शेवटी पंख न धुताच विमान धावले, धावपट्टी संपता संपता जेमतेम वर उठले आणि पुढच्या झाडांमध्ये कोसळले. 24 जण गेले, दोन्ही वैमानिकही गेले.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. पंखावर साचणारा बर्फ अनेकांनी पाहिला होता. वाचलेल्या हवाई सेविकेने पाहिला होता. प्रवाशांमध्ये सुट्टीवरचे दोन वैमानिक होते, त्यांनीही पाहिला होता. कॉकपिटपर्यंत कुणीच गेले नाही. ‘त्यांना माहीत असेलच’ असे प्रत्येकाला वाटले. न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या चौकशी आयोगाने 1992 मध्ये 191 शिफारशी केल्या, आणि कर्मचाऱ्यांनी वैमानिकाला बेधडक सांगावे हा मुद्दा त्यात ठळक होता. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर तशाच बनावटीचे विमान पडले होते. तिथे तर पंख धुतले होते, पण त्यानंतर सुमारे 35 मिनिटे बर्फातच थांबावे लागले. 27 बळी गेले.

म्हणूनच धुण्याची वेळ निघण्याच्या तोंडावर येते. आधी गरम नारिंगी द्रव फवारून असलेला बर्फ उतरवतात, मग हिरवा दाट द्रव देतात. तो पंखावर चिकटून राहतो, पडणारा बर्फ विरघळवतो आणि विमान वेग घेताच ओघळून जातो. त्याचा प्रभाव किती मिनिटे टिकेल हे तापमान आणि बर्फाच्या जोरावर ठरते. ती मिनिटे संपली की तपासणी करायची, गरज पडली तर पुन्हा धुवायचे. टोरंटोला रांग लागते ती यासाठी.

धावपट्टीचेही तसेच. 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना घेऊन निघालेले विमान तिसऱ्या प्रयत्नात कोसळले, 23 जण गेले. धावपट्टीच्या टोकाकडे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. विमानाने 117 नॉटचा (ताशी सुमारे 217 किलोमीटर) वेग गाठला होता, त्या चिखलात तो 105 पर्यंत खाली आला. तरी विमानाचे कॅप्टन थेन यांच्यावर पंखावरचा बर्फ न तपासल्याचा ठपका आला. तो पुसायला 1969 उजाडले. चिखल वेग खातो आणि टेक-ऑफ सोडून द्यायची वेळ आली तर ब्रेकही लागत नाहीत, असा दुहेरी फास आहे. आता धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला 6 ते 0 असा अंक देतात. 6 म्हणजे कोरडी, 0 म्हणजे ब्रेक जवळजवळ निरुपयोगी. अंक घसरले की वैमानिक गणित पुन्हा मांडतो, कधी वजन कमी करतो, कधी थांबतो. त्या वेळी मागून ‘अजून किती वेळ?’ म्हणून ओरडणाऱ्यांचा दबाव त्याच्यावर येता कामा नये.

हिवाळ्यात काश्मीरला, युरोपला, मुलांकडे कॅनडा-अमेरिकेला जाणारी मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. सहल कंपन्यांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत खाण्यापिण्याबरोबर हेही पाच मिनिटे सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जोड-विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवावे. पंखाजवळची खिडकी मिळाली आणि विमान धावपट्टीकडे निघाले असताना पंखावर पांढरे दिसले, तर संकोच न करता हवाई सेविकेला बोलवावे आणि वैमानिकाला कळवायला सांगावे. ती हसेल, ‘माहीत आहे’ म्हणेल, तरी सांगावे.

पत्रलेखकांनी चुकलेल्या विमानाबद्दल कंपनीकडे जरूर दाद मागावी, नवे तिकीट आणि राहण्याची सोय यासाठी काउंटरवर भांडावे. बर्फ धुण्यात गेलेला वेळ मात्र त्या तक्रारीतून वगळावा.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, डोंबिवली (पूर्व)